पाटीचें दान व पगाराचें दान

गेल्या पावसाळ्यांत एका जिल्ह्याच्या गांवीं, बौद्धिक व शारीरिक अपंगत्व असलेल्या तरुण मुलामुलींसाठीं चालणारें एक केंद्र पाहण्याचा योग आम्हांस आला. केंद्राचें नांव आम्ही देत नाहीं; कारण तेथें जें पाहिलें तें त्या एकाच केंद्राचें दुःख नव्हे. आवारांत शिरतांच उजव्या हातास एक पिवळी मोटार उभी होती. तिच्या दोन्ही अंगांस देणगीदाराच्या दिवंगत वडिलांचें नांव हातभर अक्षरांत रंगविलेलें होतें आणि चाकांभोंवतीं गुडघाभर गवत माजलें होतें. मोटार बिघडली आहे काय, असें आम्हीं विचारलें. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "मोटार चांगली आहे हो, चालवणार कोण? ड्रायव्हरचा पगार, डिझेल, विमा, हें कोणी देत नाहीं." मोटार मिळाली त्या दिवशीं नारळ फुटला होता, छायाचित्रें निघालीं होतीं, पेढे वांटले गेले होते. पहिलें वर्ष ती रोज धांवली. दुसऱ्या वर्षीं आठवड्यांतून तीन दिवस. आतां ती उभी आहे आणि तिच्यांतून जीं वीसएक मुलें येत असत, त्यांपैकीं निम्मीं घरीं बसलीं आहेत.

आमच्या लोकांत दानाची वृत्ति नाहीं असें कोणी म्हणेल, तर तें आम्ही मान्य करणार नाहीं. १९९३ सालीं किल्लारीचा भूकंप झाला, २०१९ सालीं कृष्णा-पंचगंगेच्या महापुरानें सांगली व कोल्हापूर बुडालें, तेव्हां गांवोगांवच्या पेठांनीं धान्याचीं पोतीं, कपडे, भांडीं आणि रोकड किती तत्परतेनें पाठविली हें सर्वांनीं पाहिलें आहे. दान आहे, प्रश्न तें कोठें जाऊन चिकटतें हा आहे. आमचें दान दगडास चिकटतें, लोखंडास चिकटतें, पक्वान्नास चिकटतें. एका मनुष्यानें दुसऱ्या मनुष्यासाठीं रोज उठून करावयाच्या कामास तें चिकटत नाहीं. खोली बांधली तर खोलीवर संगमरवरी पाटी बसते. चाकाची खुर्ची दिली तर तिच्या पाठीवर नांव लिहितां येतें. परंतु जी बाई त्या खोलींत वीस वर्षांच्या मुलास सदऱ्याचीं बटणें लावावयास सहा महिने शिकविते, तिच्या पगारावर पाटी कोठें बसवावी? म्हणून तो पगार थकतो, बाई दुसरीकडे जाते आणि पाटी असलेल्या खोलीस कुलूप लागतें.

हा प्रश्न लहान मुलांपेक्षां तरुणांच्या बाबतींत अधिक तीव्र होतो, आणि त्यांकडे लक्ष कमी जातें. २०१६ सालच्या दिव्यांग हक्क कायद्यानें पूर्वीच्या १९९५ सालच्या कायद्यांतील सात प्रकारांच्या जागीं अपंगत्वाचे एकवीस प्रकार मानले आणि ज्यांचें अपंगत्व शेंकडा चाळीस किंवा अधिक आहे अशा मुलांस सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. हें उत्तम झालें. परंतु अठरा वर्षें पुरीं झालीं म्हणजे विशेष शाळेचा दाखला हातीं पडतो. शाळेची घंटा, डबा, गणवेश, ओळखीची बाई, शेजारीं बसणारा मित्र, हें सर्व एका जून महिन्यांत नाहींसें होतें. धाकटा भाऊ महाविद्यालयांत जातो, शेजारची मुलगी नोकरीस लागते आणि हा मुलगा उंबऱ्यावर बसून रस्ता पाहतो. प्रौढांसाठीं कर्मशाळा आहेत हें खरें. पण त्या थोड्या आहेत आणि तालुक्याच्या गांवीं तर क्वचितच आढळतात.

२०११ सालच्या खानेसुमारींत देशांत सुमारें २ कोटी ६८ लक्ष आणि महाराष्ट्रांत सुमारें २९ लक्ष ६३ हजार अपंग व्यक्ति नोंदल्या गेल्या. त्या वेळीं आठच रकाने विचारण्यांत आले होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे खरी संख्या याहून मोठी असली पाहिजे. त्यांतही सांगणाऱ्यानें सांगितलें तरच गणणारा लिहिणार. आणि आमच्या घरांतून किती वेळां सांगितलें जात नाहीं! थोरल्या मुलीचें लग्न जमावयाचें आहे. सोयरे यावयाचे असले कीं मधल्या मुलास मामाच्या गांवीं पाठवितात किंवा माजघराचें दार लोटून घेतात. हें आम्ही कोणा अडाण्याच्या घरचें सांगत नाहीं. ज्यांच्या दुकानावर तीन पिढ्यांची पाटी आहे अशा घरांतूनही हें चालतें. पूर्वजन्मीच्या पापाचें फळ म्हणून असें मूल पोटीं आलें, ही समजूत उघडपणें बोलून दाखविण्याचे दिवस गेले असतील. माजघराचें दार अजून तीच समजूत बोलून दाखवीत असतें. मुलगी असली तर बंदोबस्त दुप्पट. तिला बाहेर पाठविण्याचें भय आईबापांस खोटें वाटत नाहीं, आणि तें खोटें नाहींही. परंतु ओळखीची बाई सोबत असलेली मोटार दारापर्यंत आली, तर त्या भयाचा बराच भाग नाहींसा होतो. तेवढ्यासाठीं तरी ती पिवळी मोटार गवतांतून बाहेर निघावयास हवी.

या आईबापांशीं बोललों म्हणजे एकच वाक्य पुन्हां पुन्हां कानीं येतें: "आमच्या माघारीं याचें कसें होणार?" आई साठीची आहे, मुलगा तिशीचा. त्यास न्हाऊं घालणें, जेवावयास वाढणें, रात्रीं उठून पाहणें हें ती तीस वर्षें करीत आहे; तीस वर्षांत ती माहेरीं चार दिवस राहिलेली नाहीं. जें केंद्र तिच्या मुलास रोज पांच तास सांभाळतें, तें केवळ त्या मुलासच कांहीं देतें असें नव्हे. तें त्या आईस तिचे पांच तास परत देतें. या पांच तासांत ती शिवणकाम करून चार पैसे मिळवील किंवा नुसती झोंप घेईल. दोहोंपैकीं कांहींही केलें तरी तें आवश्यकच आहे.

केंद्रांत चालतें काय, असें व्यवहारी वाचक विचारतील. दिवाळीपूर्वीं पणत्या रंगविणें, कापसाच्या वाती वळणें, कागदी पिशव्या व पाकिटें चिकटविणें, मसाल्याच्या पुड्या तोलून बंद करणें. हीं कामें ठाऊक आहेत. पण तीं वरचीं झालीं. त्यांच्याखालीं दुसरें शिक्षण चालतें. पन्नासाची नोट देऊन सुटे परत घ्यावे. रस्ता ओलांडतांना थांबावें. मनासारखें झालें नाहीं तरी हात उगारूं नये. अंगास कोणी हात लावला तर 'नको' म्हणून ओरडावें. घरचा पत्ता सांगतां यावा. आणि त्याखेरीज लेझीम, पोहणें, चित्रें, गाणें, एखाद्या दिवशीं सहल. या शेवटल्या गोष्टी चैनीच्या आहेत असें समजून देणगीदार त्यांवर पहिली कात्री चालवितात. आमच्या मतें ही चूक आहे. स्वतःच्या मुलास सुटींत पोहावयास धाडणारा गृहस्थ तें चैन म्हणून धाडीत नाहीं. तें त्याच्या वाढीस लागतें म्हणून धाडतो. वाढीची गरज बुद्धीच्या मापानें कमी होत नाहीं.

पोहण्याचा विषय निघालाच आहे तर सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर यांची हकीकत सांगूं. हे लष्करांतील जवान, मूळचे मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून अपंग झाले. उपचाराचा भाग म्हणून पोहूं लागले आणि १९७२ सालीं जर्मनींतील हायडेलबर्ग येथें पन्नास मीटर पोहण्याच्या शर्यतींत त्यांनीं भारतास पॅरालिंपिकचें पहिलें सुवर्णपदक मिळवून दिलें. त्यांस पद्मश्री मिळाली ती २०१८ सालीं, म्हणजे शेंचाळीस वर्षांनीं. पण आमच्या विषयाशीं संबंध आहे तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्या काळीं त्यांच्या प्रवासखर्चास हातभार लागला तो प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेकडून. मर्चंट हे मुंबईच्या गिरणीवाल्या घराण्यांतले. एका व्यापारी घरच्या माणसानें तिकिटाचे पैसे भरले. तिकिटावर पाटी लागत नाहीं. त्याच सांगली जिल्ह्यांतील सचिन खिलारी यांनीं २०२४ सालीं पॅरिस येथें गोळाफेकींत रौप्यपदक मिळविलें तेव्हां सत्कारांची रीघ लागली, आणि तें योग्यच झालें. परंतु पदक मिळाल्यावर येणारा पैसा आणि पदकाच्या आधीं, मैदानापर्यंत जावयास लागणारें रिक्षाभाडें, यांत जें अंतर आहे तें कोणी भरावयाचें? शिवाय शंभरांतील नव्याण्णवांस पदक मिळणार नाहीं. त्यांचें रिक्षाभाडें तरीही देणें आहे.

आतां देणाऱ्यांच्या रीतीकडे वळूं; येथें थोडें कठोर बोलणें प्राप्त आहे. विशेष शाळा व केंद्रें यांच्याकडे वर्षभराची भोजनाची वही असते. ती उघडून पाहावी. अमक्या पुढाऱ्याचा वाढदिवस ज्या आठवड्यांत येतो त्या आठवड्यांत पांच ठिकाणांहून जिलबी येते. मुलांचीं पोटें बिघडतात. आषाढांत, जेव्हां पालकांची मजुरी बंद असते, तेव्हां वहींतील पानें कोरीं. वाढदिवस, पुण्यतिथि, लग्नाचा वर्धापनदिन यांसाठीं लोक येतात, मुलांस रांगेंत बसवितात, जिलबीचें ताट हातांत देतांना छायाचित्र काढवितात आणि तें छायाचित्र संध्याकाळपर्यंत सगळ्या सोयऱ्यांच्या मोबाइलवर पोंचतें. ज्या वीस वर्षांच्या मुलीचें तें छायाचित्र आहे तिला कोणी विचारलें काय? तिलाही लाज आहे, मान आहे. स्वतःच्या मुलीचें असें छायाचित्र, हात पसरलेलें, तोंडाला पाक लागलेलें, तो देणगीदार चारचौघांत फिरवील काय? चाकाच्या खुर्च्यांच्या वांटपाचा प्रकार याहून गंभीर आहे. एकाच मापाच्या पन्नास खुर्च्या मांडवांत ओळीनें ठेवतात. ज्याच्या पाठीचा कणा वांकडा आहे त्यास ती खुर्ची बसत नाहीं. त्याच्या अंगास चट्टे पडतात. दोन महिन्यांत खुर्ची परड्यांत जाते आणि तींवर कोंबड्या बसतात. मापाची एकच खुर्ची आणि तिचें चाक निखळल्यास दुरुस्तीची सोय, एवढें दिलें असतें तर खर्च थोडा आणि उपयोग पुष्कळ झाला असता. पण एका खुर्चीचा मांडव घालतां येत नाहीं.

शासनानें २०१५ च्या अखेरीपासून 'अपंग' हा शब्द टाकून 'दिव्यांग' हा शब्द चालविला. कित्येक अपंग व्यक्तींच्या संघटनांनीं त्यास हरकत घेतली. या वादांत आम्ही शिरत नाहीं. मांडवांतील रांग मात्र दोन्ही शब्दांखालीं सारखीच लांब राहिली आहे.

"हें काम सरकारचें आहे," असा एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो. सरकारचें आहेच. ग्रामपंचायती व नगरपालिका यांनीं आपल्या उत्पन्नाचे शेंकडा पांच अपंगांसाठीं खर्चावे असा राज्यशासनाचा आदेश आहे. आपल्या नगरपालिकेनें गेल्या सालीं ते खर्चिले काय आणि कशावर, हें विचारण्याचा प्रत्येक करदात्यास अधिकार आहे आणि व्यापारी संघानें तो बजावावा. डिसेंबर २०२२ मध्यें महाराष्ट्रानें अपंग कल्याणासाठीं स्वतंत्र खातें निर्माण केलें. २०२५ सालीं निराधार योजनेखालील अपंगांचें मासिक साहाय्य दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय मंत्रिमंडळानें घेतला. हीं पावलें स्वागतार्ह आहेत. परंतु या प्रांतांत या कामाचा इतिहास पाहिला तर पहिलें पाऊल नेहमीं खासगी मनुष्यानें टाकलें आणि सरकार मागून आलें असें दिसेल. १८८५ सालीं मुंबईंत बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली ती ख्रिस्ती धर्मगुरूंच्या खटपटीनें. १९०० सालीं, छपन्नच्या दुष्काळाच्या पाठोपाठ, अंध मुलांची शाळा काढली ती ॲना मिलार्ड या अमेरिकन मिशनच्या बाईनें. तीच आज दादरची कमला मेहता अंधशाळा होय. १९४४ सालीं वकील या पारशी दांपत्यानें मंदबुद्धि मुलांसाठीं शाळा आरंभिली. ती 'जय वकील' या नांवानें आज सर्वत्र ठाऊक आहे. यांपैकीं कोणीही शासकीय निर्णयाची वाट पाहत बसलें नाहीं. सरकारचा पैसा यावयाचा तो मान्यता, तपासणी, प्रस्ताव, त्रुटि, पुन्हां प्रस्ताव अशा वळणांनीं येतो. आणि तोंपर्यंत मुलगा अठराचा तेवीस वर्षांचा होतो. मधलीं पांच वर्षें कोणी भरून काढावयाचीं? तीं गांवानेंच भरून काढावयाचीं आहेत.

दुसरे म्हणतात, मोठ्या कंपन्यांवर कायद्यानें बंधन आहे, त्यांनीं द्यावें. २०१३ सालच्या कंपनी कायद्याप्रमाणें ज्यांचा वार्षिक नफा ५ कोटी किंवा अधिक आहे, अथवा ज्यांची मालमत्ता वा उलाढाल ठरलेल्या मर्यादेबाहेर आहे, अशा कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे शेंकडा दोन समाजकार्यांत घालावयाचे असतात, आणि अपंगांचें शिक्षण व व्यवसायशिक्षण त्या यादींत आहे. हा पैसा मोठा आहे, परंतु त्यास मोठें तोंड लागतें. २०२१ पासून तो घेणाऱ्या संस्थेस कंपनी खात्याकडे नोंदणी करून क्रमांक मिळवावा लागतो. त्यापुढें प्रकल्पाचे तक्ते, अहवाल, मोजमाप. जेथें व्यवस्थापक बाईच सकाळीं दार उघडते, दुपारीं मुलांस भरविते आणि संध्याकाळीं कीर्द लिहिते, तेथें हे तक्ते कोणी भरावे? कंपनीस जिल्ह्याचा प्रकल्प दिसतो. गल्लीच्या टोंकाचीं वीस मुलें दिसत नाहींत. तीं दिसावयाचीं तीं गल्लींतल्या दुकानदारासच.

आणि गल्लींतल्या दुकानदारापाशीं एक साधन फार जुनें आहे. पोत्यामागें, गांठीमागें, बिलामागें चार आणे-आठ आणे धर्मादायाचे म्हणून वेगळे काढावे आणि वहींत त्यांचें स्वतंत्र खातें ठेवावें, ही पश्चिम हिंदुस्थानच्या पेठांतली रीत कित्येक पिढ्यांची आहे. गोरक्षण, पाणपोया, धर्मशाळा, पाठशाळा ह्या याच खात्यावर उभ्या राहिल्या. १९७९ सालीं एका सूतगिरणीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असा निवाडा दिला कीं, रूढीप्रमाणें गिऱ्हाइकाकडून धर्मादायासाठीं म्हणून घेतलेली रक्कम ही व्यापाऱ्याचें उत्पन्नच नव्हे. ती आरंभापासून धर्मकार्यासाठींच बांधलेली असते. या निवाड्याकडे करसवलतीच्या डोळ्यानें सर्वांनीं पाहिलें. त्यांतला दुसरा अर्थ आमच्या मतें अधिक महत्त्वाचा आहे: तो पैसा दुकानदाराचा नाहीं, तर गिऱ्हाइकाचा आहे. मग तो कोठें जातो हें विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकासही पोंचतो. त्या गिऱ्हाइकांतच ती साठ वर्षांची आईही असते. तीही तुमच्याच दुकानांतून साखर नेते.

आम्ही सुचवितों तें एवढेंच कीं, या खात्यांतून एक ठराविक अंश वर्षासन म्हणून गांवांतील अशा केंद्रास बांधून द्यावा. वर्षासन हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतों. पूर्वीं देवस्थानाच्या नंदादीपास तेल मिळे तें वर्षासनाचें; कोणा भक्ताच्या लहरीवर दिवा अवलंबून नसे. देवापुढील दिवा विझूं नये म्हणून आमच्या पूर्वजांनीं जी काळजी घेतली, तीच काळजी माणसाच्या बाबतींत घ्यावी असें म्हणण्यांत आम्ही कांहीं नवा धर्म सांगत नाहीं.

हिशेब करून पाहूं. त्या उभ्या मोटारीचाच घेऊं. चालकास महिना १५,००० रुपये. रोज चाळीस किलोमीटर धरून डिझेलचे सुमारें १०,०००. मोटारींत मुलांसोबत बसणाऱ्या मदतनीस बाईचे १०,०००. विमा, टायर, दुरुस्ती यांचा मासिक वांटा ५,०००. एकूण ४०,००० रुपये. हा आमचा अंदाज आहे. गांवोगांव तो थोडा खालींवर होईल. बाजारपेठेंतील ऐंशी दुकानांनीं प्रत्येकीं महिना ५०० रुपये दिले कीं मोटार चालूं लागते. दिवसाचे सतरा रुपये होतात. दुकानांत आलेल्या पाहुण्यास आपण पाजतों त्या चहाइतके. यांतील मर्म रकमेंत नाहीं; 'प्रत्येक महिना' या दोन शब्दांत आहे. एकाच गृहस्थानें एकदां ५ लक्ष दिले, तर केंद्र बाग करील, रंग देईल, आणि तेराव्या महिन्यांत चालक निघून जाईल. ऐंशी जणांनीं थोडें थोडें दिलें, तर त्यांतील पांच गळाले तरी मोटार थांबत नाहीं.

ज्यांस ही कल्पना हास्यास्पद वाटत असेल त्यांनीं पैसा फंडाची आठवण करावी. अंताजी दामोदर काळे यांनीं माणशीं एक पैसा मागत हा फंड उभारण्याचा ध्यास घेतला. त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांवास कांचेचा कारखाना निघाला. महर्षि कर्वे यांच्या संस्थेचा भाऊबीज निधि दारोदार फिरून, थोड्या थोड्या रकमांनीं, आज पिढ्यानपिढ्या जमत आलेला आहे. या दोन्ही ठिकाणीं देणाऱ्यास आपलें नांव पाटीवर दिसलें नाहीं. पावती मात्र मिळाली.

पावतीचा उल्लेख केला, कारण तिसरा आक्षेप तिच्याशीं निगडित आहे: "संस्थावाले खातात." कांहीं खातात, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. अपंगांच्या नांवावर अनुदान उचलून कागदोपत्रीं मुलें दाखविणारे लोक आहेत आणि अशांनीं प्रामाणिक माणसांची वाट बिकट केली आहे. परंतु ज्या व्यापाऱ्यास पोत्यांतील मूठभर माल बोटांनीं चोळून त्याची प्रत कळते, त्यास वीस मुलांच्या केंद्राची प्रत कळणार नाहीं काय? १९५० सालच्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीं प्रत्येक नोंदलेल्या संस्थेस वार्षिक हिशेब तपासून घेऊन धर्मादाय कचेरींत द्यावे लागतात. ते मागावे. त्याहून सोपा उपाय म्हणजे आगाऊ न कळवितां एखाद्या मंगळवारीं सकाळीं अकरा वाजतां केंद्रांत जावें. मुलें किती आहेत, बायका त्यांच्याशीं कशा बोलतात, स्वच्छतागृह कसें आहे, हें पाहिलें म्हणजे लेखापरीक्षकास न दिसणारें दिसतें. आणि रोख देऊं नये. धनादेशानें किंवा बँकेंतून द्यावें. २०१७ नंतर दोन हजारांवरील रोख देणगीस आयकराची सवलत तशीही राहिली नाहीं.

पैशाखेरीज आणखी एक गोष्ट व्यापाऱ्यांच्या हातीं आहे. दिवाळींत केंद्राच्या पणत्यांचें टेबल दुकानाबाहेर मांडूं देणें हें चांगलें. पण गिऱ्हाईक दयेनें बारा पणत्या घेतो आणि वर्षभर त्या मुलांस विसरतो. त्यापेक्षां आपल्या दुकानास वर्षभर लागणाऱ्या कागदी पिशव्यांची मागणी केंद्रास द्यावी. माल वाईट आला तर इतर कोणास परत कराल तसा परत करावा. ज्यास मोजतां-तोलतां येतें अशा एखाद्या तरुणास गोदामांत अर्धा दिवस काम द्यावें व त्याची मजुरी त्याच्याच हातीं ठेवावी. आमच्या पाहण्यांतील एका किराणा दुकानांत असा एक तरुण काडेपेटीच्या पुड्यांचे गठ्ठे लावतो. त्याच्या मोजणींत चूक होत नाहीं. चूक होते ती मालकाच्या मुलाची, कारण त्याचें लक्ष मोबाइलमध्यें असतें. या तरुणास पहिला पगार मिळाला तेव्हां त्यानें आईसाठीं पाव किलो चिवडा नेला. आई म्हणाली, दुसऱ्यासाठीं कांहीं घेऊन यावें हें त्यास सुचलें, हेंच तिला नवीन होतें.

दिवाळीच्या पाडव्यास पेठेंत वह्यांचें पूजन होतें. नव्या वहींत कोणतीं खातीं घालावयाचीं हें आधींच्या आठवड्यांत ठरतें. व्यापारी संघानें त्यापूर्वीं एक बैठक घ्यावी, गांवांतील केंद्राच्या चालकांस तींत बोलवावें, त्यांची गरज पगार, डिझेल, भाडें अशी बाबवार लिहून घ्यावी आणि कोणतें दुकान कोणत्या बाबीचा वांटा उचलतें हें तेथेंच टिपून ठेवावें. वसुलीचें काम पाळीपाळीनें दोन तरुण व्यापाऱ्यांकडे द्यावें. मुलांच्या पालकांपैकीं दोघे तरी या समितींत असावे, आणि जो अपंग तरुण स्वतःचें म्हणणें सांगूं शकतो असाही एक असावा. ज्याच्यासाठीं पैसा जमवावयाचा त्यास दाराबाहेर बसवून बैठक होऊं नये.

जमेचा व खर्चाचा हिशेब दर तीन महिन्यांनीं लोकांपुढें यावा. त्यासाठीं आमच्या पत्रांत आम्ही जागा देऊं. तिचें मूल्य घेणार नाहीं. देणाऱ्यांचीं नांवें छापावयाचीं कीं नाहींत हें देणाऱ्यांनींच ठरवावें. हिशेब मात्र लेखापरीक्षकाच्या सहीचा हवा, आणि मोटार त्या तिमाहींत किती दिवस चालली याचा आंकडा त्यांत पहिल्या ओळींत असावा.